निम्मी क्षमता ‘हरित’ झाली, मग कोळसा अजून का जळतो?

२०२५ च्या जुलैत केंद्र सरकारनं एक आकडा जाहीर केला. देशाच्या वीजक्षमतेतला निम्मा वाटा आता कोळसा, वायू आणि डिझेल सोडून इतर स्रोतांचा आहे, एकूण सुमारे ४८५ गिगावॅटपैकी २४३ गिगावॅट. २०३० साठी ठेवलेलं लक्ष्य पाच वर्षं आधीच गाठलं. बातमी खरी होती. आणि त्याआधीच्या आर्थिक वर्षात देशात तयार झालेल्या विजेतला सत्तर टक्क्यांहून जास्त भाग कोळशाचा होता, हेही तितकंच खरं.

मग कुणीतरी आपल्याला गंडवतंय का? तसं नाही. हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. त्यांच्यातलं अंतर एकदा नीट कळलं की वीजधोरणातली निम्मी भांडणं आपोआप उलगडतात.

क्षमता वेगळी, वीज वेगळी

क्षमता म्हणजे एखादं यंत्र पूर्ण जोरात चाललं तर किती वीज देऊ शकेल तो आकडा. वॅट, किलोवॅट, मेगावॅट, गिगावॅट ही त्याची मापं, दर पायरीला हजारपट. निर्मिती म्हणजे प्रत्यक्षात किती वीज मिळाली. ती युनिटात मोजतात, आपल्या बिलावर असतं तेच युनिट.

घरातल्या नळांचं बघा. तुम्ही दहा नळ बसवले, म्हणजे तुमची क्षमता दहा नळांची झाली. पण पाणी सकाळी दोनच तास येत असेल तर उरलेले बावीस तास ते दहाही नळ शोभेचे.

छपरावरचं एक किलोवॅटचं सौर पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देतं. चोवीस तास पूर्ण जोरात चाललं असतं तर चोवीस युनिट मिळाली असती. रात्री ऊन नाही, सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन, पावसाळ्यात ढग. त्यामुळे क्षमतेच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकंच पदरात पडतं. पवनचक्कीचं थोडं बरं, पण वारा लहरी. कोळशाचा संच मात्र सांगाल तेव्हा, सांगाल तितका चालतो, रात्री अकरालाही. म्हणून क्षमतेत निम्म्याहून कमी असलेला कोळसा निर्मितीत सत्तरी ओलांडतो.

शिवाय त्या २४३ गिगावॅटमध्ये मोठी धरणं आणि अणुभट्ट्याही मोजल्या आहेत. त्यात चूक काही नाही, कारण लक्ष्यच ‘बिगर-जीवाश्म’ असं होतं. पण बातमीच्या मथळ्यात पॅनलचा फोटो असतो, म्हणून सांगितलं.

वीज साठत नाही, इथून खरी पंचाईत सुरू होते

धान्य कोठारात राहतं, पाणी धरणात राहतं. तारेतली वीज राहत नाही. ज्या क्षणी कुणी पंखा लावतो त्याच क्षणी कुठेतरी तेवढी वीज जास्त तयार व्हावी लागते. हे जमतंय की नाही ते एका आकड्यावरून कळतं, तो म्हणजे वारंवारिता. आपल्याकडे ती सेकंदाला ५० आवर्तनं असावी लागते आणि ठरवलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ इतका अरुंद आहे. मागणी वाढली की आकडा खाली येतो, वीज जास्त झाली की वर चढतो. भार प्रेषण केंद्रात बसलेली माणसं दिवसरात्र तोच एक आकडा बघत असतात आणि फोन करत असतात: अमुक संच वाढवा, तमुक उतरवा.

यातली कसरत देशानं एकदा उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद करायचं आवाहन होतं. मागणी बारा-तेरा हजार मेगावॅटनं घटेल असा अंदाज होता. ती घटली तब्बल ३१ हजारांनी. तरी ग्रिड, म्हणजे देशभर वीज वाहून नेणारं तारांचं जाळं, कोसळलं नाही, कारण तयारी आधीच करून ठेवली होती. विशेषतः जलविद्युत संच काही मिनिटांत साडेसतरा हजार मेगावॅटनं खाली आणले आणि दिवे लागल्यावर पुन्हा वर नेले. पाण्याचा दरवाजा आवळायला आणि उघडायला वेळ लागत नाही, म्हणून ते जमलं.

आता रोजची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. दुपारी तीन ते सात या चार तासांत देशभरातली सौर वीज पन्नास हजार मेगावॅटहून जास्त उतरते आणि नेमकी त्याच वेळी घराघरांत दिवे, मिक्सर, टीव्ही, एसी सुरू होतात. त्या रात्री मागणी गेली होती, इथे पुरवठा जातो. आणि हे रोज घडतं, त्याचं कुणी आवाहन करत नाही आणि त्याची बातमीही होत नाही.

मग दुपारी कोळसा बंद ठेवा आणि संध्याकाळी पेटवा, सोपं आहे की!

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. उत्तर ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना लगेच पटतं. काहिलीखालचं चुलाण एका आधणानंतर विझवून दुसऱ्याला पुन्हा पेटवत नाहीत. ते धगधगतं ठेवतात, फार तर चिपाडं कमी घालतात.

औष्णिक संचाचं तसंच आहे. थंड पडलेला बॉयलर आणि टर्बाइन पुन्हा पूर्ण भारावर यायला कित्येक तास लागतात. रोज तापवून रोज थंड केलं तर धातूला ताण पडतो, नळ्या फुटतात, आयुष्य घटतं. म्हणून संध्याकाळी लागणारा संच दुपारी मंद आचेवर चालू ठेवावा लागतो. पूर्वी ही मंद आच क्षमतेच्या निम्म्याहून वर असायची. २०२३ मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणानं नियम केले की टप्प्याटप्प्यानं ती ४० टक्क्यांपर्यंत उतरवता आली पाहिजे. जुन्या संचांना हे सहज झेपत नाही, त्यासाठी यंत्रात बदल करावे लागतात आणि त्याचा खर्च होतो. हा खर्च कोणी सोसायचा, यावर वीज कंपन्या आणि नियामक आयोग भांडत बसतात.

परिणामी भर दुपारी, ऊन फुकट असताना, कोळसा थोडा का होईना जळतोच.

सरकारनं नेमकं काय केलं?

बरंच केलं, आणि सुरुवातीची खेळी फार हुशारीची होती. ती का चालली हे समजून घेण्यासारखं आहे.

सौर प्रकल्पाला इंधन लागत नाही. म्हणजे पंचवीस वर्षांचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी, आणि तोही बहुतेक कर्ज काढून. घर बांधण्यासारखंच. त्यामुळे त्या विजेचा दर उन्हाइतकाच व्याजावर ठरतो आणि व्याज ठरतं विश्वासावर: पुढची पंचवीस वर्षं वीज घेणारा पैसे वेळेवर देईल का? राज्यांच्या वितरण कंपन्यांची थकबाकीची ख्याती बघता बँका जपूनच होत्या. मग केंद्रानं आपली एक कंपनी, सेकी (सोलर एनर्जी कॉर्पोरेशन ऑफ इंडिया), मधे उभी केली. ती प्रकल्पवाल्याकडून पंचवीस वर्षांच्या करारानं वीज घेणार आणि राज्यांना विकणार. लिलाव ठेवला उलटा: जो सर्वांत कमी दर मागेल त्याला काम. राज्यांवर बंधन घातलं की एकूण विजेतला ठराविक वाटा अक्षय स्रोतांचाच हवा. हा वाटा २०२९-३० पर्यंत ४३ टक्क्यांपुढे न्यायचा आहे.

२०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं तेव्हाच्या पहिल्या लिलावांत युनिटला दहा-बारा रुपये दर आला होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भादला सौर पार्कसाठी तो २ रुपये ४४ पैशांवर आला. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे. पॅनल स्वस्त होण्याचं मोठं श्रेय चीनच्या कारखान्यांचं, हे मान्य करायला हवं. (पुढे १ एप्रिल २०२२ पासून आपण आयात पॅनलवर ४० टक्के शुल्क लावलं, देशी कारखाने उभे राहावेत म्हणून. स्वस्त वीजही हवी आणि देशी मालही हवा. दोन्ही हट्ट रास्त आहेत, पण एकाच वेळी पुरत नाहीत.)

विश्वास किती नाजूक असतो ते आंध्र प्रदेशात दिसलं. २०१९ मध्ये तिथल्या नव्या सरकारनं आधीच्या सरकारचे पवन आणि सौर करार महाग आहेत म्हणत दर कमी करायला घेतले. प्रकरण कोर्टात गेलं. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं करार पाळायला लावले. दरम्यान देशभरातल्या गुंतवणूकदारांनी धडा घ्यायचा तो घेतला.

माझ्या मते या सगळ्या धोरणाची एक खोड आहे. त्यानं मेगावॅट मोजले, तास मोजले नाहीत. लिलाव जिंकणाऱ्याला एकच विचारलं गेलं, युनिट कितीला देतोस. ते युनिट दुपारी एकचं की रात्री आठचं, हे बराच काळ कोणी विचारलंच नाही. साहजिकच सगळ्यांनी दुपारचं, सर्वांत स्वस्त युनिट तयार केलं. आता राज्यांना दुपारची वीज नकोशी झाली आहे. २०२५ मध्ये लिलाव होऊनही खरेदीचे करार न झालेले प्रकल्प ४० गिगावॅटहून जास्त होते.

त्यात वाहिन्यांचा घोळ. सौर प्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो, पण त्याची वीज वाहून नेणारी उच्चदाबाची लाइन टाकायला जमिनी, वनपरवानग्या, मनोरे धरून त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. राजस्थानात तर माळढोकही मधे आला. हा जड, समोरचं कमी दिसणारा पक्षी उडताना तारांना धडकून मरतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या अधिवासातल्या लाइन जमिनीखालून न्यायला सांगितलं आणि मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलून समिती नेमली. नान्नजच्या माळावर माळढोक दिसेनासा होताना सोलापूरकरांनी पाहिलाय. त्यामुळे ‘एका पक्ष्यासाठी विकास अडला’ हे वाक्य मला तरी म्हणवत नाही. पण लाइन रखडल्या हे खरंच. २०२५ मध्ये राजस्थानातल्या काही प्रकल्पांना भर उन्हात उत्पादन कमी करायला सांगावं लागलं, कारण वीज बाहेर न्यायला वाटच नव्हती.

मग टाकी बसवा!

नळाला दोनच तास पाणी येतं म्हणून आपण काय करतो? गच्चीवर टाकी बसवतो. विजेच्या टाक्या मुख्यतः दोन प्रकारच्या.

एक जुनी आणि आपल्या ओळखीची. अकोले तालुक्यात घाटघरला सह्याद्रीच्या माथ्यावर एक जलाशय आहे आणि चारशेहून जास्त मीटर खाली, कोकणच्या अंगाला, चोंढ्याला दुसरा. वीज हवी तेव्हा वरचं पाणी खाली सोडायचं. वीज उतू जात असेल तेव्हा त्याच यंत्रांनी ते पाणी पुन्हा वर चढवायचं. क्षमता २५० मेगावॅट. पाणी तेच, वरखाली करत राहतं. शंभर युनिट खर्चून पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात, पण संध्याकाळचं युनिट दुपारच्यापेक्षा इतकं मोलाचं की हा तोटा परवडतो.

गंमत म्हणजे अशा प्रकल्पांचा मूळ हिशेब वेगळा होता. रात्री लोक झोपले की कोळशाची वीज शिल्लक राहायची, म्हणून पाणी चढवायची वेळ मध्यरात्रीनंतरची. आता शिल्लक दुपारी आहे. धरण तेच, डोंगर तोच, घड्याळ तेवढं उलटं फिरलं. सह्याद्रीचे कडे असे प्रकल्प उभारायला सोयीचे, म्हणून महाराष्ट्रात त्यांचे करार बरेच झालेत. करार झाला म्हणजे धरण झालं, असं मात्र कोयनेच्या खोऱ्यातला माणूस कधी समजणार नाही.

दुसरी टाकी बॅटरीची. ‘एवढ्या महाग बॅटऱ्या कशा परवडणार’ हा आक्षेप तीन-चार वर्षांपूर्वी बिनतोड होता. २०२२ मध्ये दोन तासांच्या साठवणुकीसाठी मेगावॅटला महिना १० लाखांहून जास्त भाडं लागत होतं. २०२४ संपताना, सरकारी अनुदानाचा हात धरून का होईना, लिलावात ते अडीच लाखांच्याही खाली आलं. दर पडल्यावर नियमही हलले. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणानं सुचवलं की यापुढच्या सौर निविदांमध्ये क्षमतेच्या किमान १० टक्के, दोन तासांची साठवण प्रकल्पाशेजारीच असावी. टाकी लहान आहे. पण तास मोजायला सुरुवात झाली.

आणि टाकीऐवजी भांडी घासायची वेळच बदलली तर?

ही सर्वांत स्वस्त युक्ती आहे. पाणी येतं तेव्हाच भांडी-कपडे उरकून घेणं आपल्या आयांनी आयुष्यभर केलं.

महाराष्ट्रात याचं सर्वांत मोठं उदाहरण शेतात आहे. शेतीपंपांना वर्षानुवर्षं आलटून पालटून रात्रीची वीज मिळायची. कारण साधं, रात्री इतर मागणी कमी. शेतकऱ्यासाठी त्याचा अर्थ थंडीत मध्यरात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं, चिखलात, साप-विंचवात, उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीनं. २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३ ची तिची दुसरी आवृत्ती यांची कल्पना अशी: शेतीच्या फिडरजवळच (उपकेंद्रातून पंपांकडे वीज नेणारी लाइन म्हणजे फिडर), उपकेंद्राला लागून, छोटे सौर प्रकल्प उभारायचे आणि पंप दिवसाच चालवायचे. वीज जिथे पिकते तिथेच खपते, म्हणून लांबची लाइन नको. पाणी विहिरीतून एकदा वर आलं की काम झालं, म्हणून बॅटरी नको. आणि शेतकरी रात्री घरी झोपतो. इतक्या नेटक्या बसलेल्या सरकारी योजना मी फार पाहिलेल्या नाहीत. अडचणी आहेतच. गावागावांत गायरान जमिनीवरून तंटे झाले, कुठे पॅनल उभं पण फिडर नादुरुस्त. पण मूळ कल्पना पक्की आहे.

शहरांसाठी हीच गोष्ट वेळेनुसार दराच्या रूपात येते आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमानुसार उन्हाच्या तासांत वीज नेहमीच्या दरापेक्षा दहा ते वीस टक्के स्वस्त आणि सर्वाधिक मागणीच्या वेळी तितकी महाग ठेवायची आहे. त्यासाठी मीटर असा हवा जो किती वापरलं यासोबत कधी वापरलं हेही टिपेल. स्मार्ट मीटरवरून लोकांच्या मनात बऱ्याच शंका आहेत आणि काही रास्तही. मीटर कोण बसवतं, त्याचे पैसे कुणाकडून वसूल होतात, हे विचारायलाच हवं. पण वेळ न मोजणाऱ्या मीटरवर वेळेची सवलत मिळू शकत नाही, एवढं खरं.

सौर दोन रुपयांना, मग माझं बिल का उतरत नाही?

बिल हातात घ्या आणि ओळी वाचा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, त्यावर वीज शुल्क. त्या दोन-अडीच रुपयांचा संबंध यातल्या फक्त एका ओळीशी आहे, आणि तोही ऊन असतानाच्या युनिटांपुरता. तीच अक्षय वीज ‘मी सांगेन त्या वेळी दे’ म्हणून मागितली तर लिलावातले दर साडेचार-पाच रुपयांच्या आसपास येतात.

शिवाय जुन्या औष्णिक प्रकल्पांशी झालेले लांब मुदतीचे करार आहेत. लग्नाला हॉल घेतला आणि पाहुणे कमी आले, म्हणून भाडं कमी होत नाही. तसं त्या संचांतून वीज घेतली नाही तरी त्यांच्या क्षमतेचं भाडं द्यावंच लागतं. नवा स्वस्त आचारी बोलावला, पण जुन्याचा पगार चालूच.

छपरावर पॅनल लावलं, मी सुटलो ना?

बिलातून बऱ्याच अंशी हो. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे आणि घर मालकीचं, छप्पर उन्हातलं असेल तर ते घेण्यात शहाणपण आहे.

ग्रिडमधून मात्र सुटका नाही. ओळखीच्या एका घरी पॅनल बसून आठवडा झाला आणि भर बाराच्या उन्हात लाइट गेले. पॅनल तापलेले, घर अंधारात. काकांचा पहिला संशय ठेकेदारावर. दोष कुणाचाच नव्हता. बाहेरची लाइन गेली की साधी, बॅटरी नसलेली यंत्रणा स्वतःहून बंद होते, नाहीतर तिची वीज बाहेरच्या तारेत उतरेल आणि खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसेल. एरवीही दुपारची जास्तीची वीज तुम्ही ग्रिडमध्ये ढकलता आणि रात्री तिथूनच घेता. म्हणजे तुमची टाकी ग्रिड आहे, आणि रात्री त्या टाकीत कोळसा ओतलेला असतो.

आणि चंद्रपूरचं काय?

सरकार एकीकडे २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच शोषून घेऊ, म्हणतं आणि दुसरीकडे २०३१-३२ पर्यंत आणखी सुमारे ८० गिगावॅट औष्णिक क्षमता उभारायचा बेत आखतं. ढोंग वाटतं. पण ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटवर गेली होती आणि तसल्या उन्हाळ्यात रात्रीही एसी-कूलर थांबत नाहीत, त्यामुळे रात्रीची मागणी फारशी उतरत नाही. साठवण वेळेवर आली नाही तर त्या रात्रींसाठी हाताशी काय असेल, या धास्तीनं हा विमा उतरवला जातोय. विमा गरजेपेक्षा मोठा आहे का, यावर वाद घालता येईल. मला तो मोठाच वाटतो, कारण आज बांधलेल्या संचाचं भाडं पुढची पंचवीस वर्षं आपल्याच बिलात येणार.

कोळसा लगेच न सुटण्याचं दुसरं कारण माणसांचं. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनानं जवळपास निम्मा कोळसा असतो आणि प्रवासी गाड्यांचा तोटा मालगाड्यांच्या कमाईतून भरून निघतो. म्हणजे आपल्या पॅसेंजरच्या तिकिटातही कोळसा आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. ऐंशीच्या दशकातले तिथले पहिले दोन संच केव्हाच निवृत्त झाले. तिथे कायम कामगारांपेक्षा कंत्राटी जास्त, आणि त्यांच्या भोवती खाणी, वाहतूक, गॅरेज, खानावळी. शेकडो मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायला माणसं लागतात, पण चालवायला मोजकी पुरतात, आणि तो चंद्रपुरातच उभा राहील असंही नाही.

कोळशाच्या राखेनं आणि धुळीनं सर्वांत जास्त भोगलंही याच जिल्ह्यानं, त्यामुळे तिथे कुणी कोळशाच्या प्रेमात आहे असं नव्हे. पण घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाचा हायवा चालवणाऱ्या पंचविशीतल्या पोरानं गाडी हप्त्यावर घेतली असेल, तर त्याच्यासाठी २०७० फार लांब आहे. त्याचा प्रश्न इतकाच की सात वर्षांचं कर्ज फिटेपर्यंत खाण चालू राहील का. हे त्याला आज कोणीही सांगत नाही.